छातीची गोळी आणि आप्पांचा राग

माझ्या सासऱ्यांइतका संतापी माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतका लोकांच्या उपयोगी पडणारा संतापही दुसऱ्या कुणाचा झाला नाही. हे मी कौतुकाने सांगते आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. ती आहे त्या गोळीविषयी, आणि ती मी सविस्तर करणार आहे, कारण इतकी वर्षं झाली तरी कुणी ती नीट ऐकून घेतलेली नाही. डॉक्टरांना सांगितली तर ते हसले. पाळकसाहेबांना सांगितली तर त्यांनी डोळे मिटून उपकारस्तुतीच सुरू केली. आणि आमच्या ह्यांना सांगितली तर हे म्हणाले, "अगं, म्हाताऱ्यांचा राग जावा म्हणून लोक देवाच्या पाया पडतात, आणि तू तो गेला म्हणून रडतेस." रडत नव्हते मी. माझा जळफळाट होत होता. या दोन्हींतला फरक आमच्या ह्यांना पन्नास वर्षांच्या संसारात कधी कळला नाही, ते असो.

आप्पा रस्त्यावरच्या टोळीचे मुकादम होते. नेवाशाकडून श्रीरामपूरला आमच्या गावाच्या फाट्यावरून जाणारा रस्ता हा त्यांच्या देखरेखीखाली झालेला. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही तो रस्ता त्यांच्या लेखी त्यांचाच होता आणि त्यावरून जाणारी गाडी, बैल, म्हैस, लग्नाचं वऱ्हाड, सगळे त्यांच्या परवानगीने जात होते. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून कधी आईमाईवरची शिवी गेली नाही. उपासनेला पहिल्या बाकावर बसणारा माणूस, शिवी कशी देईल? पण शिवी परवडली असं ते बोलायचे. "तुझ्या डोस्क्यात नुसता मुरूम भरलाय", "तू बिनरोलरचा मानूस हायेस", "तुझ्या बापानं तुला सोलिंग न घालता वर डांबर ओतलं", असा सगळा रस्त्याच्या कामातला माल. ज्याला ते बोलत त्याला अर्थ लागेपर्यंत ते पुढच्या माणसावर गेलेले असत.

त्यांना राग कशाचा यायचा हे विचारण्यापेक्षा कशाचा यायचा नाही ते विचारा. साखर कारखान्याचा भोंगा त्यांच्या घड्याळाच्या आधी वाजला की ते अंगणात उभे राहून कारखान्याच्या दिशेला हातवारे करून घड्याळ दाखवत. रेडिओवर बातम्या सांगणारी बाई काही चुकीचं बोलली की ते तिला मधेच थांबवत, आणि ती थांबली नाही की "बघा, ऐकून घ्यायची रीतच न्हाई" असं आम्हाला सांगत. एका रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं, पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा आप्पा बाकावरून उठून म्हणाले, "साहेब, आपल्या प्रभूनं डोंगरावर याच्यापेक्षा लवकर आटपलं हुतं, आन् तितं मानसं जास्त हुती." सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन टाकला.

पण खरी गंमत अशी, की हा राग ते लोकांना उसना देत. गिरणीवाला नंबर डावलून दुसऱ्याचं दळण आधी घ्यायला लागला की गल्लीतली एखादी बाई दारात येऊन हळूच म्हणायची, "आप्पा, जरा येता का?" शिंप्याने नाताळचे कपडे अडवले, जावयाने पाठवणीला आढेवेढे घेतले, कुणी कुणाचं मोठं पातेलं लग्नाला नेऊन परत दिलं नाही, की "आप्पा, जरा येता का?" आप्पा भाकरी अर्धी टाकून उठायचे. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडून व्हायचं, काम व्हायचं, आणि मग ज्याच्यावर ओरडले त्याच्याच ओट्यावर बसून "च्या टाक" म्हणायचे. मनात काही ठेवायचेच नाहीत. गावात बोलायला माणसं पुष्कळ होती हो. पण सगळी स्वतःच्या कामापुरती बोलणारी.

आता माझं सांगते. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तिथं आम्हाला हळू बोलायला, हळू चालायला, हळू शिंकायला शिकवलेलं. लग्न झालं, हे नोकरीला पिंपरीला, महिन्यातून एकदा यायचे. मला श्रीरामपूरच्या एका मुलींच्या शाळेत तात्पुरती नोकरी लागली, आणि ती टिकली तर जूनमध्ये कायम होणार होती. शाळेला जायला सकाळची एकच गाडी सोयीची. आणि आमच्या फाट्यावर गाडीला थांबा नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगीच कुणाला दोष नको. ड्रायव्हरने न थांबणं हेच नियमाला धरून होतं. नियमाला धरून नव्हते ते आप्पा. गाडी लांबून दिसली की ते रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहायचे. गाडी करकचून थांबली की आधी मला आत चढवायचे आणि मग खिडकीशी जाऊन ड्रायव्हरला विचारायचे, "ह्या रस्त्याची खडी कुनी फोडली? तुझ्या आज्यानं? आमच्या रस्त्यावरून जायचं आन् आमच्याच सुनंला न्हेयाचं न्हाई?" ड्रायव्हर बिचारा स्टेअरिंगकडे बघत राहायचा. मी मान खाली घालून लाजेने अर्धी व्हायचे, पण शाळेत वेळेवर पोचायचे.

एकाहत्तरची लढाई झाली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, गिरणीवर कुणाच्या तरी दळणासाठी ओरडता ओरडता आप्पा खाली बसले. छातीत धडधड, दरदरून घाम, डाव्या हाताला कळा. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नवीन निघालेली गोळी दिली. प्रोप्रॅनोलॉल असं तिचं नाव. सासूबाईंनी ते नाव उच्चारायचा प्रयत्न एकदाच केला, मग आमच्या घरात ती 'छातीची गोळी' झाली. डॉक्टर म्हणाले, "यांचं हृदय फार उधळतं, या गोळीने ते दमानं चालेल. जन्मभर घ्यायची. मधेच एकदम बंद करायची नाही, केलीत तर ते दुप्पट उसळेल आणि मग माझ्याकडे येऊ नका." एवढंच बोलले. मेलं एक अक्षर पुढचं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

कारण पुढे जे झालं त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. आधी हातपाय गार पडले. मार्चच्या उन्हात, जिथं कावळ्याची जीभ बाहेर येते तिथं, आमचे आप्पा लोकरीचे पायमोजे घालून आणि हात काखेत खुपसून अंगणात बसायला लागले. मग स्वप्नं सुरू झाली. आधी हा माणूस स्वप्न म्हणजे काय ते जाणत नव्हता. आता रोज सकाळी चहाबरोबर रात्रीचा वृत्तांत. एकदा म्हणाले, "रात्री फारोशी भांडलो. आन् मोशेशीबी. तांबड्या समुद्रातनं रस्ता काढला म्हनं. नुसत्या गाळावरनं लाखो मानसं न्हेली, खाली ना मुरूम ना खडी. म्हटलं, मोशे, तू देवाचा मानूस असशील, पन हे काम मी पास करनार न्हाई." सांगताना ते दमलेले असायचे. रात्रभर भांडलेला माणूस दिवसा कुठून ताजातवाना असणार?

आणि तिसरं म्हणजे दिवसाचा राग गेला. अगदी गेला. गिरणीवरून बाई बोलवायला आली तर आप्पा म्हणाले, "घेऊ दे गं त्याला, पीठ काय पळून जातंय?" ती बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भोंगा लवकर वाजला, घड्याळाकडे बघितलं सुद्धा नाही. प्रवचन दुपारपर्यंत चाललं, आप्पा मान डोलवत बसले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत, एका बांधवाचं कठीण हृदय प्रभूने मऊ केलं म्हणून उपकार मानले. मला इतका संताप आला की मी गाणं म्हटलंच नाही. प्रभूचा काय संबंध? सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर मऊ होत होतं ते. डॉक्टरांकडे गेले तर ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अहो बाई, यासाठी लोक हिमालयात जातात. तुम्हाला घरबसल्या मिळालं." म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमचे आप्पा साधू होण्यासाठी तुमच्याकडे आले नव्हते, छाती दाखवायला आले होते.

एकदा आप्पांनाच विचारलं, की तुम्हाला राग येतच नाही का आता? म्हणाले, "येतो गं. पन आधी कसं, छाती धडधडायची, कानशिलं तापायची, हात थरथरायचा, तवा मला कळायचं की आपल्याला राग आलाय. आता तो मनात येतो आन् पाव्हन्यावानी कोपऱ्यात बसून ऱ्हातो. उठ म्हटलं तर उठत न्हाई." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की मला भडभडून आलं.

खूश होत्या त्या एकट्या सासूबाई. त्यांचं मला नवल वाटायचं आणि रागही यायचा. पण बघायची ना मी, दुपारी दोघं ओसरीवर बसायची, त्या शेंगा सोलायच्या, आप्पा त्यांना स्वप्न सांगायचे, आणि त्या "मग मोशे काय म्हनला?" असं विचारायच्या. उभ्या जन्मात त्यांच्या वाट्याला नवरा असा बसलेला आलाच नव्हता. कायम कुणाच्या तरी दारात ओरडायला गेलेला.

राहिली गाडी. आप्पा नेमाने माझ्याबरोबर फाट्यावर यायचे, पण आता रस्त्याच्या कडेला उभे राहून, मास्तरांना विचारून बाहेर जाणाऱ्या मुलासारखा एक हात वर करायचे. गाडी भुर्रकन निघून जायची, आमच्या अंगावर धूळ. आणि आप्पा म्हणायचे, "जाऊ दे, त्याला घाई आसंल." या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग कधी उसाची बैलगाडी, कधी कुणाची जीप, कधी चक्क पायपीट. शाळेत उशीर. मोठ्या बाई आधी घड्याळाकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या, आणि एक दिवस त्यांनी सांगितलं, "आणखी एकदा उशीर झाला, तर जूनपासून दुसरी कुणी बघते. माझ्याकडे मुली रांगेत उभ्या आहेत." घरी येऊन मी सासूबाईंजवळ रडले. हे मात्र रडणंच होतं. आप्पा ओसरीवर मोज्यातले पाय जवळ घेऊन बसले होते.

त्या आठवड्यात मी उजाडायच्या आत निघून पायीच जात होते. पण पुढच्या सोमवारी आप्पा म्हणाले, "आज गाडीनं जा." फाट्यावर गाडी दिसली, आणि आप्पा मधोमध जाऊन उभे. हात पसरलेले. गाडी करकचून थांबली, आणि मग काय तो आवाज, "खडी कुनी फोडली? तुझ्या आज्यानं?" मला इतका आनंद झाला की मी लाजायचंही विसरले. मला वाटलं, गोळी अंगवळणी पडली. रोज गाडी थांबायला लागली. मोज्यांचा जोड दोरीवर गेला, स्वप्नं बंद झाली, रेडिओवरच्या बाईला पुन्हा बोलणी बसायला लागली. सासूबाई तेवढ्या दुपारच्या पुन्हा एकट्याच शेंगा सोलत बसायच्या.

आणि मग आमचा कोंबडा शहाणा झाला. हा कोंबडा म्हणजे दुसरे आप्पाच. अंगणात कुणी आलं की पोटरी फोडल्याशिवाय सोडायचा नाही. तो एकाएकी आरवायचा थांबला. सासूबाई अंडी काढायला गेल्या तर बाजूला सरकून जागा करून द्यायला लागला. पाळकसाहेब आले, त्यांच्या पायाशी जाऊन बसला. मला तर हसूच येत होतं. पण सासूबाईंनी त्या माणसाबरोबर जन्म काढलेला, त्यांना बरोबर वास लागला. त्यांनी सकाळी अंधारातच खुराड्याजवळ चाचपून बघितलं. दाण्यांमध्ये गोळीचे तुकडे. आप्पा सकाळ-संध्याकाळ गोळी जिभेखाली धरत होते आणि अंगणात जाऊन कोंबड्यापुढे टाकत होते.

सासूबाईंनी मला चुलीपाशी बोलावून ते तुकडे तळहातावर दाखवले. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या गाडीपायी." मी डबीतली एक नवी गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि आप्पांच्या मागोमाग फाट्यावर निघाले. वाटेत काही बोलले नाही. बोलायचं कसं, सासरे ते. पण ते चढावर दोनदा थांबले, डाव्या हाताने छाती चोळली, आणि मी बघते आहे असं दिसल्यावर सदऱ्याचं बटण लावायचं सोंग केलं. तिकडे गाडी वळणावर आली, आप्पा रस्त्यात उतरले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि सकाळचा गारवा अजून गेला नव्हता.

मी त्यांच्या मागे रस्त्यात उतरले. म्हटलं, "आप्पा, आधी गोळी घ्या."

"गाडी येऊ दे आधी."

"गाडी गेली खड्ड्यात."

"माझ्या रस्त्याला खड्डा न्हाई," ते म्हणाले. अशा वेळीही.

मग मला काय झालं मला माहीत नाही. बोर्डिंगातल्या बायांनी इतकी वर्षं दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम वर आला. मी म्हटलं, "कोंबड्याला गोळ्या घालता? लाज नाही वाटत? तुम्हाला वाटतं तुम्ही माझी नोकरी राखताय? उद्या इथं आडवे पडलात तर मी कुठल्या तोंडानं त्या गाडीत पाय ठेवू? नको मला असली नोकरी, आज जाऊन सोडून देते. आणि आईंनी काय करायचं? जन्मभर तुमचा आरडाओरडा ऐकला त्या बाईनं. आता कुठं नवरा घरात बसून दोन शब्द बोलायला लागला होता, तर तेही नेऊन कोंबड्यापुढे टाकलंत."

गाडी येऊन थांबली होती. आम्ही दोघं मधोमध, ती जाणार कुठून? खिडक्यांतून माणसं बाहेर आलेली. माझं लक्षच नव्हतं.

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "तुझी सासू ह्याच रस्त्यावर उन्हात खडी फोडायची. माझ्याच टोळीत. मी मुकादम, आन् माझी बायको खाली बसून खडी फोडतीया. खुर्चीवर बसून पगार घेनारं आमच्या घरातलं पयलं मानूस तू हायेस. तुला गाडीत बसून ह्या रस्त्यावरनं जाताना मी रोज बघतो. ते एका गोळीपायी जाऊ देऊ व्हय?"

"मग बघायला जिवंत राहा," मी ओरडले. इतक्या जोरात, की गाडीतलं एक लेकरू रडायला लागलं.

कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "बाई, येताय, का आमी न्याहारी करून येऊ?" तर आप्पा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "थांब रं. बोलू दे तिला." मी पदराची गाठ सोडली. माझे हात इतके थरथरत होते की गोळी खाली पडता पडता राहिली. एका म्हातारीने खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढे केला. आप्पांनी सगळ्या गाडीसमोर गोळी गिळली, तोंड उघडून जीभ वर करून मला दाखवली, आणि म्हणाले, "लई कडू हाय. बस आता गाडीत." मी बसले. श्रीरामपूर येईपर्यंत माझ्याशी कुणीही एक शब्द बोललं नाही आणि कंडक्टरने तिकीट अगदी अदबीने दिलं.

त्यानंतर गाडी मी थांबवायला लागले. आप्पा रोज यायचे, मोजे घालून मैलाच्या दगडावर बसायचे आणि गाडी थांबली की माझ्या चुका सांगायचे. "'जरा थांबा' म्हनायचं न्हाई. 'जरा' कशाला? भीक मागतीयास का?" किंवा, "आज चांगलं झालं, पन शेवटी हसलीस." जूनमध्ये मी कायम झाले. कोंबड्याचं काय झालं ते विचारू नका, ईस्टर जवळ आला होता.

आप्पा त्यानंतर पुष्कळ जगले. गोळी एकदाही चुकवली नाही, आणि कुणावरही पुन्हा रागावले नाहीत. गिरणीवरच्या बायका बोलवायला यायच्या थांबल्या. नवी माणसं त्यांना शांत स्वभावाचे म्हातारे म्हणून ओळखायला लागली, आणि कुणी तसं म्हटलं की मी आत निघून जायची. आता माझी नात औषधं शिकते. ती सांगते की हातपाय गार पडणं, तसली स्वप्नं, मरगळ, सगळं त्या गोळीचंच, आणि मधे एकदम सोडली तेव्हा जीवच जायचा, तो थोडक्यात वाचला. सगळं म्हणे पुस्तकात आहे. मग शेवटचं सोडून बाकीचं आमच्या डॉक्टरांना सांगायला काय झालं होतं? आप्पा झोपेतच गेले. सासूबाई त्यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "आधीचे गावाचे हुते. हे एवढे माझे हुते." त्या बाईचं मला तेव्हा पटलं, आणि आजही पटतं.

पण माझं काय? मागच्या वर्षी गावी गेले होते. आमच्या फाट्यावर आता थांबा झाला आहे, वर पत्रा घातलाय, खाली बाकडं टाकलंय. गाडी आपली आपण येऊन थांबली, दार उघडलं, कंडक्टरने माझी पिशवी खाली उतरवून दिली, आणि गाडी निघून गेली. रस्त्याच्या मधोमध कुणी नव्हतं. कुणाचा आजा निघाला नाही, कुणी खडी काढली नाही. इतकं सगळं सुरळीत झालेलं बघून मला असा काही राग आला, की मी तिथंच बाकड्यावर बसून राहिले, आणि मला न्यायला येणाऱ्या भाच्याला निरोप धाडला की घाई करू नकोस, सावकाश ये.